डाव्या बाजूची स्प्रिंग

४ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. बाबा बरे आहेत, म्हणजे त्यांच्या मानाने बरे. हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी जिने बंद केलेत, तर त्यांची खोली मी खाली, गॅरेजच्या शेजारी आणली आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि आई गेली तेव्हा तू आली होतीस आणि मी तुला सगळ्यांदेखत 'पाहुणी' म्हणाले, त्यानंतर तू माझा फोन उचलशील असं वाटत नाही.

विचारायचं होतं ते गाडीबद्दल. काकांनी बाबांच्या गळ्यात मारलेली ती लाल, बुटकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. तू घर सोडलंस तेव्हापासून ती ताडपत्रीखाली पडून आहे. मी लोकांच्या जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देते, त्यावर पोट भरते, आणि घरचीच सडतेय हे बरं दिसत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ती ताईची आहे. तिला विचार." बघ, अजून तुझीच! म्हणून विचारतेय. खरं सांगू का, विचारायच्या आधीच उघडलीय.

आणि काय सांगू, हसून हसून पुरेवाट झाली. चाकांचे धक्के झेलणारं जे सामान असतं ना, स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, मागचे पाटे, ते दोन्ही बाजूंना एकसारखं हवं. शेंबड्या पोरालाही हे कळेल. या गाडीच्या उजवीकडे सगळं अस्सल, कंपनीचं. आणि डावीकडे? पुढची स्प्रिंग कुणीतरी हाताने वळलेली, बारीक तारेची, लेचीपेची. शॉकॲब्सॉर्बर कुठल्याशा घरगुती मोटारीचा. मागच्या पाट्यांतली दोन पोलादी पानं काढूनच टाकलेली. आणि स्प्रिंगखाली चकत्यांची चळत, एकीवर एक. काही लोखंडाच्या, काही ॲल्युमिनियमच्या, एक पितळेची तर मला वाटतं शाळेच्या जुन्या घंटेतून कापलीय. रिकामी गाडी उभी केली की डावा खांदा उडवल्यासारखी दिसायची.

हे सगळं आपल्या तीर्थरूपांचं काम, दुसरं कुणाचं असणार? जन्मभर भूगोल शिकवला, पण भिंतीत खिळा सरळ ठोकता आला नाही कधी. मी एकेक भाग काढत होते आणि मोठमोठ्याने हसत भंगाराच्या पिंपात फेकत होते. बाबा दारात उभे होते. थोडा वेळ बघितलं आणि आत जाऊन पडले.

तर आता तू सांग, करू का पुढचं?

तुझी (अजून असेन तर),
खारू


२२ जानेवारी

ताई,

चार पानं! पाठपोट! मी पाकीट गॅरेजमध्येच उभ्या उभ्या फोडलं, ग्रीसचे हात तसेच, त्यामुळे तुझ्या पहिल्या पानावर आता माझा अंगठा उमटलाय. आणि वर 'प्रिय खारू' लिहिलंयस. फ्रॉकच्या खिशात नटबोल्ट दडवते म्हणून तूच ठेवलेलं नाव, पण तुझ्या अक्षरात ते बघून किती वर्षं झाली ग. मी बाकावर बसून घेतलं आणि मग सगळं वाचलं.

'त्या माणसाने आयुष्यात एकच काम धड केलं, ते म्हणजे गप्प बसणं.' काय वाक्य आहे! मी ते दिवसभर मनात घोळवत होते. आणि खरंच आहे. तुझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर दर महिन्याला तुला त्या गाडीतून हॉस्पिटलात न्यायचे, जाऊन येऊन अर्धा दिवस, आणि तोंडातून शब्द नाही. तू लिहिलंस की गावातली सगळ्यात वेगवान गाडी आणि तिच्यामागे सायकलवाले घंटा वाजवतायत, तुला सीटखाली लपावंसं वाटायचं. कंबरेपासून मानेपर्यंत तो पट्टा बांधलेला, त्यामुळे लपताही यायचं नाही. हे मला कधी माहीतच नव्हतं. मी तर फाटकाशी उभी राहून जळायचे. दोन सीटांची गाडी आणि घरात दोन मुली, त्यातली एक कायम फाटकाशी.

आणि तुला एक गंमत आठवते का? तुला पहिल्यांदा हॉस्पिटलातून घरी आणायच्या आधी बाबा कितीतरी दिवस त्या डाव्या सीटवर वाळूचं पोतं बसवून फिरत होते. हो, पोतं! पट्ट्याने बांधून! आई म्हणायची, यांचं डोकं फिरलंय. मी म्हटलं, बाबा, पोत्यापेक्षा मी बसते की. तर म्हणाले, "तू नको." पोत्याला जागा मिळाली आणि मला नाही. सांग आता, हसू की रडू.

तू म्हणतेस, 'मी म्हणजे त्यांच्यासाठी सामान होते, फुटू न देता पोचवायचं सामान.' आणि घर सोडताना त्यांनी एका शब्दाने थांबवलं नाही, नुसतं 'गाडीने सोडतो' म्हणाले, म्हणून तू बसने गेलीस. बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं.

उद्या जुन्या स्प्रिंगवाल्या मिस्त्रींकडे जातेय. उजव्या स्प्रिंगसारखीच डावी करून घ्यायची. ती बाबांची लेचीपेची पण पिंपातून काढून सोबत नेणार आहे, त्यांनाही जरा हसू दे.

आणखी लिही. बाबांचा तो छत्रीचा किस्सा लिहिते म्हणालीस, तो लिही.

तुझीच,
खारू


३० जानेवारी

ताई,

छत्रीचा किस्सा वाचला. छान आहे.

मिस्त्री भेटले. बरेच म्हातारे झालेत, काम आता मुलगा बघतो, पण दुकानात येऊन बसतात. स्प्रिंग होईल म्हणाले. इतर जुनंपुराणं काहीबाही सांगत बसले, म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी ऐकायला लागतं. ती बारीक तारेची स्प्रिंग तिथेच राहिली, मी आणली नाही.

तू विचारलंस, बाबांना ते सगळं भंगारात टाकल्यावर राग आला का. नाही आला. काही बोलले नाहीत. तुला माहीतच आहेत ते.

भंगारवाला परवा येणार आहे. पिंप भरलंय. बघू.

इकडे थंडी फार आहे, बोटं वळत नाहीत, म्हणून आज एवढंच.

खारू


१६ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. कामं होती. खरं तर तेवढी नव्हती.

तुझा निर्णय कळला. गाडी विकून टाक, त्या माणसाच्या हातची कुठलीच वस्तू मला नको, आणि तिकडे येण्यासारखंही आता काही उरलेलं नाही, असं तू लिहिलंस. शेवटी लिहिलंस, 'तुझी पत्रं वाचून मनातली शंका फिटली, इतकी वर्षं मला वाटायचं की चूक माझीच असेल.' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्र घडी घालून ठेवलं आणि पुन्हा काढलं.

गिऱ्हाईक आहे. सभ्य माणूस आहे, अशा गाड्यांचा शौकीन, बायकोला घेऊन येऊन बघून गेला. गाडी आता सुंदर दिसते. डावंउजवं आरशात बघितल्यासारखं एकसारखं. माझ्या हातून इतकं नीट काम क्वचितच झालंय. बाबा रोज काठी टेकत येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि जातात. पूर्वी एक फेरी मारून दमत नव्हते.

भंगारवाला पिंप घेऊन गेला. मी घरातच होते.

तुला एक विचारू? हॉस्पिटलच्या त्या फेऱ्यांत कधी पाठीला हिसका बसलेला तुला आठवतो का? एकदा तरी? सहज विचारतेय. नाही आठवत असं असेल तर तसं लिही.

खारू


२ मार्च

ताई,

बसून वाच. आणि पुरं वाच, मधेच फाडू नकोस. मी तुला खोटं बोलले नाही असं मी गेला महिनाभर स्वतःला समजावतेय. पण खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही. मी मूग गिळून बसले आणि तुला त्या माणसाचा तिरस्कार करू दिला, इतकंच नाही, त्यात तेल ओतलं.

त्या दिवशी मिस्त्रींच्या टेबलावर मी ती बारीक तारेची स्प्रिंग ठेवली आणि म्हटलं, "बघा काका, कुठल्या गाढवाने वळलीय."

त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मी वळलीय, पोरी. मास्तरांसाठी."

मग त्यांनी सांगितलं. तुझ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं की वर्ष दोन वर्षं पोरीच्या पाठीला धक्का बसता कामा नये. गाडी ही एकच होती, आणि ती तर शर्यतीसाठी बनवलेली, रस्त्यावर काडी पडलेली असली तरी बसणाऱ्याला कळावी अशी कडक. विकायला काढली तर कुणी घेईना. बाबांनी आधी गाद्या घालून बघितल्या, पण त्यात तू रुतायचीस आणि पाठ वाकायची, डॉक्टर ओरडले. मग ते मिस्त्रींकडे गेले. म्हणाले, उजवीकडे मी बसतो, मला कसंही चालेल, डावीकडचं सगळं मऊ करा. मिस्त्री म्हणाले, मास्तर, असं कुणी करत नाही, गाडी वळणावर डगमगेल, पळवता येणार नाही. तर बाबा म्हणाले, "मग नाही पळवणार."

म्हणून सायकलवाले मागून घंटा वाजवायचे, ताई.

आणि ते वाळूचं पोतं म्हणजे तू होतीस. तुझ्या वजनाइतकी वाळू भरून, ती सीटवर बांधून ते हॉस्पिटलच्या रस्त्यावर जाऊन यायचे. वाळूवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचे. पाणी सांडलं की परत मिस्त्रींकडे. कधी स्प्रिंग बदल, कधी पाट्यातलं पान काढ, कधी दुसऱ्या मोटारीचा शॉकॲब्सॉर्बर लावून बघ. ज्या दिवशी पेला भरलेला परत आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला घरी आणलं. मिस्त्री म्हणाले, "मास्तरांनी मला पेढ्यासारखा तो पेला आणून दाखवला."

चकत्यांचंही सांगते. तू वाढत होतीस ना. वजन वाढलं की मऊ स्प्रिंग दबायची, गाडी डावीकडे कलायची आणि तुझी पाठ तिरकी व्हायची. मग बाबा मिस्त्रींकडे जाऊन एक चकती कापून घ्यायचे आणि खाली सरकवायचे. मी ज्या चळतीला हसले ती म्हणजे तुझं वाढणं होतं. पितळेची चकती खरंच शाळेच्या फुटक्या घंटेची निघाली, हेडमास्तरांकडून मागून आणलेली. तू गेल्यावर त्यांनी एकही चकती काढली नाही. रिकाम्या गाडीचा डावा खांदा वर दिसायचा तो म्हणूनच, त्या सीटवर तू नव्हतीस.

हे सगळं मला तीस जानेवारीच्या पत्राआधी माहीत होतं. त्या पत्रात मी काय लिहिलं ते काढून बघ. 'जुनंपुराणं काहीबाही.'

का लिहिलं नाही? मी पुष्कळ कारणं जुळवली. खरं कारण एकच आहे आणि ते लिहिताना मला माझी लाज वाटते. तू मला इतक्या वर्षांनी चार चार पानं लिहायला लागली होतीस, आणि ती पानं बाबांना हसण्यावर उभी होती. हे सांगितलं की तू पुन्हा त्यांची ताई होणार आणि मी पुन्हा फाटकाशी. या वयात, पिकल्या केसांची बाई, पोत्यावर जळतेय! भंगारवाला आला तेव्हा त्याला नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. मी खिडकीच्या पडद्यामागे उभी राहिले आणि त्याला पिंप उचलू दिलं, कारण ते सामान गेलं की दाखवायला काही उरणार नव्हतं. चार दिवसांनी मनाची टोचणी सहन होईना तेव्हा त्याच्याकडे धावले, तर माल भट्टीला गेला होता.

गेल्या रविवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं. तो आणि त्याची बायको चक्कर मारायला गेले. परत आले तेव्हा तो खुशीत होता आणि ती बिचारी कंबर धरून हसत उतरली. म्हणाली, "अहो, केवढे धक्के! पाठच मोडली माझी." बाबा काठीवर वाकून दारात उभे होते. ते तिला म्हणाले, "तुम्ही आत या, पाठ टेकून बसा थोडा वेळ." आणि तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सरकवायला लागले.

मी त्या माणसाला सांगितलं की गाडी विकायची नाही. तो चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. मी हात जोडून माफी मागितली आणि दोघांना पाठवून दिलं.

मग बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, मी ते सगळं फेकून दिलं. मला आधी माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी दिलं."

"मी बघत होतो," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? एका शब्दाने थांबले असते मी!"

ते काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "तू हसत होतीस. किती दिवसांनी हसत होतीस. म्हटलं, असू दे."

ताई, मी तुला काय सांगू! मला वाटलं होतं ते रागावतील, रडतील. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, हेच, हेच तुमचं! ताईला काही बोलला नाहीत, तिला वाटलं ती तुम्हाला नकोशी झाली, म्हणून निघून गेली. तिला सांगायला काय झालं होतं, की हे तुझ्यासाठी केलंय?

"तिला आधीच सगळे बिचारी म्हणायचे," ते म्हणाले. "त्यात आणखी गाडीही तिच्यासाठी वेगळी केलीय म्हटलं असतं तर ती बसलीच नसती. आणि चालवताना बोलायला मला जमायचं नाही ग. रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे लक्ष असायचं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच विचारलं नव्हतं. म्हणाले, "तुझ्यासाठी मात्र मी कधी काही मोजलं नाही. तू धडधाकट होतीस, मला वाटलं तुझं तू बघशील. चुकलं माझं."

मी उठून गॅरेजमध्ये गेले आणि हमसून हमसून रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, झालं का सुरू. बाबांची ती कबुली मला हवी होती की नव्हती, अजून कळत नाही. पण त्यानंतर तुझ्यापासून हे लपवून ठेवायची ताकदच राहिली नाही.

आता तू माझ्यावर रागाव, पुन्हा लिहू नकोस, तो तुझा हक्क आहे. मी तुझ्या मनातला बाप आणखी काळा केला, आणि ज्याने तुझी खात्री पटली असती ते स्वतःच्या हाताने घालवलं. फक्त माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण 'मोठ्या मुलीला कळवलंय ना' असं त्यांनी मला परवा विचारलं. यापेक्षा स्पष्ट ते काय बोलणार?

काल मी मिस्त्रींकडून ती बारीक तारेची स्प्रिंग परत आणली. त्यांनी ती नीट ठेवली होती. बाबांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, एवढी वाचलीय, ही परत बसवते, बाकीचं मी करते. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून बघितली. आणि मान हलवली.

"ही नाही चालायची," म्हणाले. "ही शाळेतल्या मुलीची आहे. नवी वळायला लागेल. मिस्त्रींच्या मुलाला जमेल, मी सांगेन त्याला." मग खाली बघत मला म्हणाले, "ताईचं वजन आता किती असेल ग?"

मला ते माहीत नाही. तूच कळव, लवकर.

खारू